चौदा नंबरचा चहा

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. घरचे म्हणतात, ही नाकावर राग घेऊनच जन्माला आली. वॉर्डातल्या सिस्टर तोंडावर काही बोलत नाहीत, पण मी राउंडला निघाले की एकमेकींना खुणा करतात, ते मला दिसतं. पुढे जे झालं त्यात माझ्या या स्वभावाचा मोठा हात आहे, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, नऊ नंबरबद्दल.

नऊ नंबर म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटर बाई. हॉस्पिटलात कुठूनही नऊ फिरवलं की त्या यायच्या, म्हणून हे नाव पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं. जिन्याखाली एक खोली, त्यात लाल दिव्यांचा एक जुना बोर्ड, एक फिरती खुर्ची, विणकामाची पिशवी आणि त्या. अठ्ठावीस वर्षं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत ‘बाई, ब्लड बँक द्या’, ‘बाई, ऑपरेशन थिएटर द्या’ असं दिवसातून वीसदा म्हटलं असेल, पण चेहरा कधी नीट पाहिला नव्हता. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि बोर्डावरचे दिवे लागेनासे झाले. बाई स्वेटर विणत बसायच्या. त्यांच्या निवृत्तीला तीन-चार महिने उरले होते आणि त्या गेल्या की खोलीत जुन्या फायली ठेवायच्या, असं ऑफिसने ठरवूनही टाकलं होतं.

त्यांचा एक नियम होता. कानावर जो हेडफोन लावायच्या त्याला त्या ‘कान’ म्हणायच्या. जोडलं की कान काढायचे, हा तो नियम. दोन माणसांची लाइन जोडली की हेडफोन काढून टेबलावर ठेवायचा, मग पलीकडे बारसं असो की मारामारी. ‘अठ्ठावीस वर्षांत कुणाचं एक वाक्य ऐकलं नाही मी,’ असं त्या अभिमानाने सांगायच्या. आमच्या हॉस्पिटलातल्या भानगडी बघता हा मोठाच संयम म्हणायचा.

मग तो आजार आला.

पहिले काही आठवडे कुणालाच काही कळत नव्हतं, आम्हा डॉक्टरांना तर त्याहून नाही. सकाळी एक पत्रक यायचं, दुपारी त्याच्या उलट दुसरं. मला एका जागी बसवत नव्हतं. घरी मी शेवटच्या खोलीत वेगळी राहायचे, कारण सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. नवरा ताट दाराबाहेर ठेवून जायचा. मी दर तासाला साबणाची वडी नाकाशी धरून बघायचे, वास येतोय ना. आला की पाच मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा उठायचे. सासूबाई दाराबाहेरून विचारायच्या, ‘जेवलीस का?’ मी म्हणायचे, ‘हो.’ ‘काय जेवलीस?’ आता ताट त्यांच्यासमोरच वाढलेलं, तरी विचारायच्या. मी चिडून म्हणायचे, ‘अहो, तुम्हाला माहीत आहे ना?’ त्या तिथेच थांबायच्या. त्यांच्या काठीचा आवाज बराच वेळाने दूर जायचा.

वॉर्डात नातेवाइकांना बंदी. रुग्णांचे मोबाइल आले तसेच पिशवीत बंद करून ठेवलेले. आत गेलेली कुठलीही वस्तू बाहेर येणार नाही, कागदसुद्धा नाही, असा नियम होता. फाटकाबाहेर माणसं उभी राहायची, पोलीस त्यांना हाकलायचे आणि ती परत यायची. शेवटी साहेबांना कुणीतरी जिन्याखालच्या बाईंची आठवण करून दिली. ठरलं असं की पावणेअकराला मी आतून फोन करून बेचाळीस रुग्णांची हकिकत सांगायची, बाईंनी बाहेर वहीत उतरवायची आणि अकरापासून एकेका घरी कळवायची. बोर्डावरचे लाल दिवे पुन्हा लागायला लागले. बाईंनी विणकामाची पिशवी खिळ्याला टांगली.

पहिल्याच दिवशी आमची जुंपली. मी सांगत होते, ‘एक नंबर स्थिर. दोन नंबर स्थिर. तीन नंबर गंभीर. चार नंबर स्थिर.’

‘डॉक्टर,’ बाई मध्येच म्हणाल्या, ‘स्थिर म्हणजे काय सांगू मी त्यांना?’

‘स्थिर म्हणजे स्थिर.’

‘माझ्या खोलीतलं कपाटही स्थिर आहे. जेवले का? झोपले का? काही बोलले का? ते सांगा.’

डोक्यापासून पायापर्यंत चढवलेल्या त्या पीपीई किटमध्ये घामाची अंघोळ होत होती, चष्म्यावर वाफ धरली होती. माझं डोकंच फिरलं. ‘बाई, मी इथे काय गप्पा मारायला बसलेय?’ म्हटलं आणि फोन आपटला. दुसऱ्या दिवशी मात्र राउंडला मी प्रत्येकाच्या ताटाकडे बघत होते. कुणी अर्धी पोळी खाल्ली, कुणी नर्सला झोपेत मुलीच्या नावाने हाक मारली, कुणी पंखा कमी करा म्हणालं. मी ते सांगितलं. बाई एकही शब्द न सोडता लिहून घेत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, ‘हं. याला म्हणतात बातमी.’ मला तेव्हा सासूबाईंचं ‘काय जेवलीस’ आठवलं आणि जरा लाज वाटली.

दुसरं भांडण मात्र मी जिंकले, आणि त्यातूनच हे सगळं झालं. बाईंचं म्हणणं, कॉटचे नंबर सांगू नका, नावं सांगा. आत आम्ही सगळे नंबरांवरच बोलायचो. दोन-दोन मास्क, वर ती टोपी आणि तोंडासमोर प्लास्टिक. नाव ओरडलं तरी ऐकणाऱ्याला भलतंच ऐकू जायचं, आकडे निदान बोटांवर दाखवता यायचे. ‘बेचाळीस नावं, बापाच्या नावासकट, वाचत बसू का मी?’ असं मी त्यांना फाडकन विचारलं. त्यांनी एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं, मग गप्प बसल्या. वहीत त्यांनी प्रत्येक आकड्यासमोर भरतीच्या वेळचं नाव आणि घरचा फोन लिहून ठेवला.

चौदा नंबरवर एक ड्रॉइंग मास्तर होते. निवृत्त, सत्तरीच्या आतबाहेरचे. भरती झाले त्या दिवशी माझ्या किटवर छातीशी स्केचपेनने लिहिलेलं माझं नाव बघून म्हणाले, ‘अक्षर वाईट आहे हो.’ घरी फक्त पत्नी. त्यांनाही घरातून बाहेर पडायची मनाई होती. त्या दहा वाजल्यापासून फोनपाशी बसून असायच्या, म्हणून बाई रोज सगळ्यांत आधी त्यांचाच नंबर लावायच्या. बारा नंबरवर एक शिंपीकाका होते. त्यांचा मोठा मुलगा रोज फाटकावर येऊन पोलिसाशी हुज्जत घालायचा.

एका शुक्रवारी पहाटे चौदा नंबरच्या भिंतीतल्या ऑक्सिजनचा दाब कमी पडायला लागला. मास्तरांना ऑक्सिजन वाढवावा लागणार होता आणि शिंपीकाकांना जवळजवळ लागतच नव्हता. आम्ही दोघांची अदलाबदल केली. मास्तर बारावर, काका चौदावर. फायली त्यांच्याबरोबर हलवल्या. आत सगळं चोख होतं. बाहेर जिन्याखालच्या वहीत मात्र काहीच हललं नव्हतं, आणि ते सांगायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पावणेअकराला मी सांगितलं, ‘चौदा नंबर, छान. चहा प्यायले, चष्मा पुसून मागितला. बारा नंबर, ऑक्सिजन वाढवलाय, काळजी आहे.’ शनिवारी तेच. चौदाने दोनदा चहा घेतला, बाराची तब्येत खालावली. रविवारीही तेच.

रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला मास्तरांचा ऑक्सिजन काही केल्या वर येईना. मास्कने भागत नव्हतं, घशात नळी घालून मशीनवर घेणं भाग होतं. त्या दिवसांत नळी घातलेल्यांपैकी फार थोडे परत येत होते. एकदा भूल दिली की बोलणं बंद, आणि पुन्हा कधी सुरू होईल याची कुणीच हमी देत नव्हतं. म्हणून मी स्वतःपुरता एक शिरस्ता ठेवला होता. नळीआधी घरच्यांशी एकदा बोलणं करून द्यायचं. भूल देणारे डॉक्टर औषधं भरून तयार उभे होते. ‘दहा मिनिटं,’ ते म्हणाले, ‘अकरावं मागू नका.’

वॉर्डातला लांब वायरचा फोन आम्ही चाकांच्या टेबलावर ठेवला होता. मी नऊ फिरवलं. ‘बाई, बारा नंबरचं घर द्या. लवकर.’

बाईंनी दिलं आणि कान काढले. पलीकडे मुलाचा आवाज होता, आणि तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी नळीचं सांगितलं. मग स्पीकरचं बटण दाबून फोन मास्तरांजवळ धरला. ‘बाबा,’ तो म्हणाला, ‘बाबा, घाबरू नका, मी आहे बाहेर, मी इथेच आहे.’ आणि रडायलाच लागला.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मान हलवली. मला वाटलं, दम लागलाय म्हणून. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि माझ्या खिशातल्या स्केचपेनकडे बोट केलं. मी पेन दिलं. माझ्या किटच्या बाहीवर, इतक्या धापेतही वळणदार अक्षरात, त्यांनी लिहिलं, ‘मला मूल नाही.’

शुक्रवारची अदलाबदल मला आठवली. तीन दिवस. तीन दिवस मी त्यांच्या पत्नीला सांगत होते की तुमचा नवरा मजेत चहा पितोय, आणि या मुलाला सांगत होते की बापाची आशा कमी आहे. मुलाला काय बोलून फोन ठेवला ते आता आठवत नाही. नऊ फिरवलं.

‘बाई, कॉटी बदलल्या होत्या. शुक्रवारीच. मी सांगितलंच नाही.’

मला वाटलं, आता मला धरून भाजून काढणार, आणि तेच योग्य होतं. ‘मास्तरांच्या घरी लावते,’ एवढंच त्या म्हणाल्या.

घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावली. पुन्हा बंद पडली. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते. मास्तरांची छाती भात्यासारखी चालली होती आणि मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होते.

‘कुठे गेल्या या?’ मी बाईंवरच ओरडले. ‘दारातून बाहेर पडायची मनाई आहे त्यांना.’

‘घरातच आहेत,’ बाई म्हणाल्या. ‘फोनसमोरच असतील. आपला फोन अकराला येतो, डॉक्टर. अडीचला आलेला फोन कशाचा असतो ते त्यांना कळत नाही का? उचलायचा नाहीये त्यांना.’

‘मग?’

‘मग काय, वाजवत राहायचं. तेवढंच येतं मला.’

चौथ्या वेळी फोन उचलला. हॅलो नाही, काही नाही. फक्त, ‘सांगा.’

म्हटलं, ‘ते आहेत. जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत. पण आता नळी घालून मशीनवर घ्यावं लागतंय. आणि काकू, गेले तीन दिवस तुम्हाला जे सांगितलं ते त्यांचं नव्हतं. दुसऱ्या पेशंटचं होतं. चूक माझी आहे, ऑपरेटर बाईंची नाही.’

‘माहीत आहे मला,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

‘अहो, आमचे हे चहा पीत नाहीत. चाळीस वर्षांत शिवले नाहीत चहाला. वास आला तरी उठून जातात. आणि चष्मा इथे टेबलावर पडलाय. शुक्रवारीच कळलं मला.’

‘मग विचारलं का नाही तुम्ही?’ माझा आवाज चढलाच.

‘विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं,’ त्या म्हणाल्या.

भूलतज्ज्ञांनी चार बोटं दाखवली, चार मिनिटं. मी स्पीकर लावून फोन मास्तरांच्या कानाशी धरला.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘ऐकताय का? मी काय ऐकतेय हे? तिथे चहा पिताय म्हणे. दिवसातून दोनदा. इथे चाळीस वर्षं विनवण्या केल्या, एकटीने कप घेऊन बसते म्हणून एक घोट घ्या म्हटलं, तर तोंड फिरवलंत. आणि तिथे कुणी नर्सने दिला की पिताय. या घरी, बघतेच तुम्हाला.’

मास्तर हसले. मास्कच्या आत, धाप लागलेली असताना हसले आणि त्यापायी ऑक्सिजन दोनने खाली गेला. मग त्यांनी डोळे मिटले. त्या पलीकडे बोलत होत्या, ब्रश धुऊन ठेवलेत, गॅलरीतलं अर्धं चित्र झाकून ठेवलंय, हलवलेलं नाही. भूलतज्ज्ञ पुढे झाले. मी ‘काकू, ठेवते आता’ म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘ठेवा. उद्या अकराला करा. खरंच सांगा.’

त्यानंतर मी शिंप्याच्या मुलाला फोन केला. त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्यातल्या काही मी पहिल्यांदाच ऐकल्या. मग थांबला. ‘म्हणजे बाबा बरे आहेत?’ म्हटलं, चहा जास्त गोड करा म्हणून सिस्टरच्या मागे लागलेत. त्याने फोन बंद केला आणि थोड्या वेळाने नऊ नंबरला निरोप दिला, त्या डॉक्टरांना सांगा, शिव्या परत घेतो, पण सगळ्या नाही. पुढच्या आठवड्यात काका चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी नावं वाचायला लागले. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मनगटावरच्या पट्टीवरून. बेचाळीस. पाऊण तास लागायचा, म्हणून आता पावणेदहालाच सुरू करायचे, आणि घसा बसायचा. बाई एकदाही ‘मी म्हटलं होतं ना’ असं म्हणाल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागायचं. मी दोनदा त्यांच्या खोलीच्या अर्ध्या दारापाशी जाऊन उभी राहिले, माफी मागायची म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी हाताने थांबा केलं, कारण बोर्डावर दिवा लागला होता.

मास्तर मशीनवर पडून होते. रोज अकराला काकू एकच प्रश्न विचारायच्या, ‘चहा घेतला का?’ आणि बाई रोज सांगायच्या, ‘नाही, काकू. अजून नाही.’ कधी ताप कमी असायचा, कधी किडनीचं काहीतरी निघायचं, तेही सांगायच्या. दहाव्या दिवशी मी मनातून हात टेकले होते. घरी ताट तसंच परत जायचं, रात्रीत तीनदा साबणाचा वास घ्यायचे. सासूबाई विचारायच्या, ‘काय जेवलीस?’ आणि मी आता नीट उत्तर द्यायचे, भाजी किती, भात किती. खोटंही सांगायचे, पण नीट सांगायचे.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी नळी निघाली. कशी निघाली ते मला अजून कळलेलं नाही. तशाच तब्येतीची आणखी चार माणसं त्याच आठवड्यात गेली होती, उपचार तेच होते आणि मीही तीच होते. काकूंना तेव्हाच कळवावं, असं मनात आलं, पण अवेळी फोन वाजला तर त्या बाईचं काळीज फुटायचं. सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं.

सकाळी साडेदहाला मी कॉटपाशी गेले. मास्तरांना आवाज नव्हता, नुसती घरघर होती. त्यांनी हाताने कप धरल्यासारखं केलं. सिस्टर म्हणाली, ‘पाणी?’ त्यांनी मान हलवली. पुन्हा कप, आणि त्यातून वर जाणारी वाफ त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवली. सिस्टरने चहा आणला. चमच्याने तीन चमचे. गिळताना तोंड असं केलं की मी एरवी हसले असते. मग अकरा वाजेपर्यंत मी वॉर्डभर येरझारा घालत होते.

अकराला बाईंनी लाइन जोडली. ‘आज तुम्हीच बोला, डॉक्टर,’ म्हणाल्या.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. मी घाईने सांगून टाकलं, नळी काढली, शुद्धीवर आहेत, आणि चहा घेतला.

मग त्या शांतपणे म्हणाल्या, ‘डॉक्टर, पुन्हा कॉट चुकली तुमची.’

‘नाही हो काकू. मी मनगटावरचं नाव वाचलंय. पूर्ण नाव.’

‘चहा पिणारे आमचे नव्हेत. कुणाचं तरी चांगलं झालं, आनंद आहे. पण आता मला असं सांगू नका. आता नाही झेपत.’

माझं काही चालेना. मी स्पीकर लावला आणि फोन मास्तरांच्या तोंडाशी धरला. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, शब्द फुटला नाही. मग त्यांनी घसा खाकरला. दोनदा, थोडं थांबून पुन्हा एकदा.

पलीकडून काकूंचा आवाज आला. ‘हेच,’ त्या म्हणाल्या. ‘हेच आहेत. रोज सकाळी असंच करतात.’ आणि त्या रडायला लागल्या.

तेवढ्यात लाइनवर आणखी कुणीतरी नाक ओढलं. काकूंचं नव्हतं ते, मास्तरांचं नव्हतं, माझं तर नव्हतंच.

मी म्हटलं, ‘बाई, कान काढा.’

‘हो, काढते,’ नऊ नंबर म्हणाल्या. पण काढले नाहीत.